आवाज पास, उच्चार नापास

पेणच्या गणपती कारखान्यांत रेडिओ अजून टिकला आहे, कारण डोळ्यांची आखणी करताना मोबाईलकडे बघता येत नाही. हात स्थिर, नजर मूर्तीवर, कान मोकळे. माझा एक मित्र तिथे रंगकाम करता करता उद्घोषकांच्या हुबेहूब नकला करायचा. सगळ्यांनी डोक्यावर बसवला, म्हणून त्याने एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषकाच्या स्वरचाचणीसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा निघाली. माइकसमोर मात्र ‘ळ’चा ‘ल’ झाला, तोही दोनदा. आवाज छान आहे, उच्चारांवर मेहनत घ्या, एवढं ऐकून तो पुढच्या गाडीने परत आला.

इथे आगरी बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘घोडा’ ‘घोरा’ होतो. त्याच्या घरात ती चूक नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. चाचणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: ही नेमकं काय मोजते? हातात दिलेला मजकूर न अडखळता, प्रमाण उच्चारात वाचता येतो का, हे स्वरचाचणी नीट मोजते. बातम्यांना तो निकष हवाच. पुणे केंद्रावरून सकाळी सुधा नरवणे बातम्या द्यायच्या तेव्हा सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंत सगळ्यांना त्या सारख्याच कळायच्या. त्या शिस्तीला मी हसणार नाही.

पण उद्घोषक म्हणजे वृत्तनिवेदक नव्हे. त्याला गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची असतात, फोनवर आलेल्या श्रोत्याला बोलतं करायचं असतं. ते वाचून दाखवताना दिसत नाही. शिवाय चुकीचा माणूस निवडला तर तो रोज ऐकू येतो. चुकीने गाळलेला कुणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे चाचणी स्वतःच्या नजरेत कायम बरोबर ठरते. अपवाद क्वचित बाहेर पडतो. अमीन सयानींनीच सांगितलेली गोष्ट आहे: हिंदी निवेदनासाठी आकाशवाणीने त्यांना नाकारलं, उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे म्हणून. १९५२मध्ये ते रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ करू लागले आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. योगायोग बघा, त्याच वर्षी नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांकडे आलं. शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी त्यांनी चित्रपटगीतं मागे सारली आणि श्रोते सिलोनकडे गेले. शुद्धतेचा हट्ट आपल्या नभोवाणीला नवा नाही.

मुंबई केंद्राकडे दुसरंही कसब होतं. ‘प्रपंच’मधले बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी घरचीच माणसं वाटायची, कारण ती बोलायची, वाचायची नाहीत. मात्र ते घर शहरी, मध्यमवर्गीय. मी ऐकलेल्या श्रुतिकांत आमच्यासारखं बोलणारा माणूस बहुतेक वेळा हशा पिकवायला आला, आणि त्याची भूमिकाही शहरातल्याच नटाने केली असावी असं ऐकताना वाटायचं.

उच्चारांच्या आधी अंतर आडवं येतं ते वेगळंच. आकाशवाणीच्या अंशकालीन वार्ताहरांच्या जाहिरातींत उमेदवार जिल्ह्याच्या मुख्यालयी किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणारा हवा, अशी अट असते. रायगडचं मुख्यालय अलिबाग; पेण तिथून सुमारे ३० किलोमीटर, रोहा त्याहून लांब. म्हणजे अर्जालाच जागा नाही. उद्घोषकाला महिन्याला जेमतेम सहा पाळ्या, आणि सकाळची सभा सुरू होते सहाच्या आसपास. रोह्याहून पहिली गाडी धरून तोवर मंत्रालयाशेजारच्या स्टुडिओत पोचून दाखवा.

म्हसवडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग’ या सामुदायिक केंद्राने उलटा रस्ता घेतला. तिथे केराबाई सरगर लोकगीतं गात माइकपाशी आल्या आणि माणदेशी बोलीतच बोलत राहिल्या. १०-१५ किलोमीटरच्या टापूतलं केंद्र ते, तिथे हे परवडतं, असं कुणी म्हणेल. मग दिवसातला एक तास तरी मुंबई केंद्राला का परवडू नये? मुलं शोधायला जाहिरातही लागणार नाही. भजनाच्या बाऱ्या, गावजत्रा, कबड्डीची मैदानं, सगळीकडे कुणीतरी माइक धरून असतोच.

माझा मित्र आता कबड्डीचं समालोचन करतो. गेल्या हिवाळ्यात रोह्याजवळच्या एका सामन्यात मी दोराला टेकून उभा होतो. चढाई करणारा मध्यरेषेपासून वीतभर लांब पडला होता, तिघं अंगावर. मित्राचा आवाज एकदम खाली आला, जवळजवळ कुजबुज, आणि मैदान गप्प झालं. मग हात रेषेला लागला. ‘खेळाडू’चं ‘खेलारू’ झालं, आणि मागच्या बाकांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.