दत्तकाचा कागद

मराठी वाङ्मयास दत्तक हा विषय नवा नाही. नवा आहे तो त्याचा कागद. आमच्या बखरींत, ऐतिहासिक नाटकांत व कादंबऱ्यांत दत्तक येतो तो गादीसाठी. साताऱ्याचे राज्य १८४८ साली दत्तक नाकारून खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात मृत्युशय्येवर घेतलेला मुलगाही कंपनी सरकारने मानला नाही. उलट १८७५ साली कवळाण्याचा गोपाळराव सयाजीराव होऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि १८८४ साली कागलचे यशवंतराव शाहू होऊन कोल्हापुरास आले. ह्या सर्व कथांत प्रश्न एकच : वंश चालणार की नाही? मुलास काय वाटले, ज्या घरून ते गेले तेथे त्या रात्री कोण जेवले, कोण जेवले नाही, हे विचारावे असे लेखकांस क्वचितच वाटले.

आज आम्ही परीक्षणास घेतलेले लेखन कोणत्याही ग्रंथालयाच्या कादंबरीविभागात सापडावयाचे नाही. लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणी न्या. भगवती ह्यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेला निकाल, आणि त्याच्याच वंशात जन्मलेली २०२२ ची दत्तक नियमावली, हे ते लेखन होय. अशा कागदांचे वाङ्मयपरीक्षण कशासाठी, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, एका मुलाच्या आयुष्याचे पहिले प्रकरण ह्याच भाषेत लिहिले जाते. आणि ज्या गद्यावर कोणाचे आयुष्य उभे राहते त्याची पारख करणे हे टीकाकाराचे कामच आहे.

प्रथम गुण सांगू. परदेशी मुले पाठविणाऱ्या संस्थांत गैरप्रकार चालतात, असे एका वकिलाने न्यायालयास पत्र लिहून कळविले, आणि त्या पत्रालाच न्यायालयाने अर्ज मानले. त्या काळी परदेशी दांपत्यास १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येई. दत्तकविधान ते आपल्या देशी जाऊन करीत. मधल्या अंधारात काय होई, ह्याची चौकशी कोणी करीत नसे. निकालाने ह्या अंधारात दिवा लावला. दांपत्याने स्वदेशातील मान्य संस्थेमार्फतच यावे, त्यांच्या घराचा, प्रकृतीचा व मिळकतीचा अहवाल असावा, आणि आधी देशातच घर शोधावे, असा क्रम त्याने घालून दिला. ह्या निकालाची भाषा संशयाची आहे. परंतु येथे संशय हाच वात्सल्याचा पहारेकरी आहे. म्हणून त्या रुक्षतेस आम्ही दोष देत नाही.

पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाले. १९९३ चा हेगचा करार भारताने २००३ साली मान्य केला. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने बहुतेक मार्ग एका सूत्रात ओवले. त्याची वाट पाहावयाची तर पिंपरी-चिंचवडहून फार दूर जावयास नको. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांमुळे ह्या भागात परदेशी कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांपैकी एखाद्या जर्मन वा कोरियन दांपत्यास येथलेच मूल हवे असेल, तर भारतात राहणाऱ्या परदेशीयासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे : आपल्या देशाच्या वकिलातीचे नाहरकतपत्र आणावे, व काराकडे अर्ज करावा. मग समाजसेविका घरी येते. विवाह किमान दोन वर्षांचा आहे काय, मुलात व पालकांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे काय, दोघांचीही संमती आहे काय, पगार किती, रोग कोणते, भांडणे कशावरून होतात, हे सर्व लिहिले जाते. शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देई. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे दिला. मूल परदेशी गेले म्हणजे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी व दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल त्याच्या मागोमाग येतात.

आता दोष. ह्या संपूर्ण लेखनात दांपत्याचे चित्र पूर्ण रेखाटलेले असते. मुलाचे वजन, उंची व लसी असतात. परंतु जिने जन्म दिला तिला फार तर एक सही मिळते. मूल सोडल्यावर फेरविचारासाठी तिला साठ दिवस असतात. त्या साठ दिवसांत तिच्या मनात काय चालले, ह्यास नमुन्यात रकाना नाही. कारखान्यांच्या ह्या पट्ट्यात गाव सोडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या मुली हजारोंनी आहेत. अशी एखादी त्या सहीमागे असेल, तर तिचे दुःख फायलीत ‘सामाजिक कारण’ ह्या दोन शब्दांत मावण्याजोगे नाही.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. ती दुसरे कोणी तरी भरून काढतात. लिसा स्थळेकर ह्यांचे उदाहरण घ्या. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेल्या ह्या मुलीला तेथल्या श्रीवत्स संस्थेतून हरेन व सू स्थळेकर ह्या दांपत्याने काही आठवड्यांची असतानाच दत्तक घेतले. पुढे ती ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली, आणि १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईतच विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकून देणाऱ्या संघात होती. तिची कथा लोक आवडीने सांगतात. पण सांगताना एक निर्दय आई पदरची घालतात, म्हणजे उत्कर्ष अधिक उजळतो. त्या आईविषयी सांगणारास काहीही ठाऊक नसते. कागदाने जी जागा कोरी सोडली तेथे जनकथेने काळिमा फासला. ह्यास आम्ही वाङ्मयीन अपराध म्हणतो.

‘मला आई व्हायचंय!’ ह्या मराठी चित्रपटाचा विषय दत्तक नसून परदेशी स्त्रीसाठी गर्भ वाहणारी वैदर्भी यशोदा हा आहे. तेथे मूल वाहणाऱ्या स्त्रीला निदान चेहरा आहे, बोली आहे, हट्ट आहे. फायलीतील आईस ह्यांपैकी काही नाही. तिचे नाव गुप्त राहावे हा तिचा हक्क आहे, आणि तो नियमावलीने राखला हे योग्यच झाले. मोठे झाल्यावर मूळ शोधावे हा मुलाचाही हक्क तिने मानला आहे. ह्या दोन हक्कांचा झगडा कायद्याने मिटावयाचा नाही. परंतु नाव न सांगताही माणूस सांगता येतो. तिने मुलाला कितीदा पाजले, जाताना काय मागितले, कोणते कापड मागे ठेवले, ज्यास हे ठाऊक असेल त्याने ते मुलाच्या अहवालात चार साध्या वाक्यांत लिहावे. आणि ठाऊक नसेल तेव्हा ठाऊक नाही असेच लिहावे, तर्काने भरू नये.

आमच्या परंपरेने हे पूर्वीच साधले आहे. कर्ण राधेय होता आणि कौंतेयही होता. कृष्ण यशोदेचा होता म्हणून देवकीचा कमी झाला नाही. एका नावाने दुसरे पुसावे असे व्यासांस वाटले नाही. चाकणहून वा पुण्याहून दूरदेशी गेलेले मूल वीस वर्षांनी आपली फाईल उघडील, तेव्हा आपल्याला विसरून गेलेला नव्हे, तर आपल्यासाठी काही राखून ठेवलेला कागद त्याच्या हाती यावा, एवढीच आमची मागणी आहे.