स्थायूची व्याख्या आणि मालवणचा चिरा

‘द्रव्याच्या अवस्था’ हा धडा आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघतो. स्थायूला ठराविक आकार व ठराविक आकारमान, द्रवाला फक्त आकारमान, वायूला दोन्ही नाही. शेजारी गोळ्यागोळ्यांच्या तीन चौकटी. गाळलेल्या जागा भरायला हे सोयीचे आहे. माझी तक्रार एवढीच की, हे वाक्य निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष म्हणून येत नाही, आज्ञा म्हणून येते.

मालवणजवळच्या एका शाळेत सातवीतल्या मुलाने विचारले, “वाळू डब्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही?” उत्तर मिळाले, “एकेक कण बघ.” हे खरे, पण यात मुलाचे निरीक्षण वाया गेले. पाणी ओतले की सपाट पसरते. कोरड्या वाळूचा शंकू होतो आणि त्याचा उतार तीस-पस्तीस अंशांच्या आसपास थांबतो, कारण कणांमध्ये घर्षण असते. टेबलावर दोन मिनिटांत हा फरक दिसला असता.

आता ‘ठराविक आकारमान’ घेऊ. सिंधुदुर्गातल्या घरांच्या भिंती जांभ्याच्या. चिऱ्याचा कोरडा तुकडा रुंद मोजपात्रातल्या पाण्यात सोडा. पातळी आधी चढते. मग बुडबुडे सुटू लागतात आणि ती हळूहळू उतरते. चिरा पाणी पितो! यातले खरे आकारमान कोणते, सुरुवातीचे की शेवटचे? भिंत बांधणाऱ्या गवंड्याला पहिले हवे, दगडातल्या खनिजाची घनता काढणाऱ्याला दुसरे. आकारमान ठराविक आहे असे म्हणण्यापूर्वी छिद्रे धरायची की नाही हे ठरवावे लागते. कठीणपणाचेही तसेच. खाणीतून नुकताच काढलेला ओलसर चिरा सहज तासता येतो. उघड्यावर वाळला की टणक होतो, कारण त्यातील लोहाच्या संयुगांतले पाणी कमी होऊन त्यांची वीण घट्ट होते. पदार्थ स्थायूच राहिला, गुणधर्म मात्र बदलला.

सगळ्यात रंजक गोष्ट आकाराची आहे. १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या पायात शिसे ओतल्याचे होडीवाले प्रत्येक सहलीला सांगतात. मुलांना प्रश्न पडायला हवा: इतका मऊ धातू पायात कशाला? शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे चुलीच्या आटोक्यातल्या उष्णतेला, वितळते आणि दगडांच्या फटींत शिरते. थंड झाल्यावर ते ठिसूळ होत नाही. भार आला की किंचित दबते आणि तो पसरवते. इथे मऊपणा हाच उपयोग.

हे दबणे का होते? शिशाचा वितळणबिंदू सुमारे ६०० केल्व्हिन, मालवणची हवा सुमारे ३०० केल्व्हिन. म्हणजे शिसे आपल्याकडे कायम वितळणबिंदूच्या निम्म्यावर असते. या तापमानाला धातूतले अणू थोडेफार जागा बदलू शकतात आणि स्थिर भाराखाली धातू सावकाश ताणला जातो. अभियंते याला क्रीप म्हणतात. युरोपातल्या जुन्या चर्चच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे असेच स्वतःच्या वजनाने खाली सरकले. लोखंडाला हीच निम्मी पातळी गाठायला सुमारे ६३० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून खिडकीचे गज वाकत नाहीत. ‘ठराविक आकार’ म्हणताना किती भार, किती तापमान आणि किती काळ, हे तिन्ही गृहीत धरलेले असतात. पुस्तक त्यांपैकी एकही सांगत नाही.

(उलट्या बाजूचा अतिरेकही टाळावा. काच हा संथ वाहणारा द्रव आहे आणि म्हणून जुन्या तावदानांचा तळ जाड असतो, ही लोकप्रिय गोष्ट खोटी आहे. ती जाडी जुन्या बनवण्याच्या पद्धतीतून आलेली असते.)

व्याख्या काढून टाका असे मी म्हणत नाही. सुरुवातीला ती कामाची आहे. पण तिच्यानंतर एक प्रयोग असावा. शिसे-कथिलाची, साधारण एक मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळते. ती वर्गाच्या कोपऱ्यात टांगा, खाली अर्ध्या किलोचे वजन बांधा आणि मुलांना तिची लांबी रोज फळ्यावर लिहू द्या. तार हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवायला लावा, शिसे विषारी आहे.