स्वस्त युद्धपटांची पारख

ग्रंथांची परीक्षा करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत ज्या तबकड्यांनी सुशिक्षितांच्या कपाटात ग्रंथांच्या शेजारी जागा पटकावली, त्यांच्या परीक्षेकडे मात्र फारसे कोणी लक्ष पुरविलेले दिसत नाही. युद्धविषयक अनुबोधपटांचे स्वस्त संच हे याचे ठळक उदाहरण होय. दहा-बारा तबकड्या, वेष्टनावर धूर ओकणारा रणगाडा, ‘चाळीस तासांचा अमूल्य ठेवा’ असे भारदस्त आश्वासन, आणि किंमत एखाद्या कादंबरीहूनही कमी! तबकड्यांचा काळ आता मावळत चालला आहे हे खरे. तथापि त्यांतीलच दृश्ये आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फिरत असल्यामुळे ही चर्चा शिळी झाली आहे असे मानण्याचे कारण नाही.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते बीड जिल्ह्यातील वडवणी येथे. तेथील आमच्या एका स्नेह्यांनी असाच एक संच पूर्वी विकत घेतला होता. विषय स्वतंत्र भारताची युद्धे. त्यांच्या नातवास शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामावर निबंध लिहावयाचा होता, म्हणून सायंकाळी सारे घर त्यातील हैदराबादचे प्रकरण पाहावयास बसले. निवेदकाने १३ सप्टेंबर १९४८ ही तारीख गंभीर स्वरात उच्चारली, तोफा गर्जल्या, आणि पडद्यावर सैनिकांची रांग चालू लागली. तिच्यामागे पांढरीशुभ्र शिखरे झळकत होती! स्नेह्यांच्या मातोश्री पोलीस कारवाईच्या वेळी दहा वर्षांच्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “अरे, आपल्या बालाघाटात बर्फ कधी पडला रे?” सर्वजण हसले. नातवाने मात्र ते दृश्य वहीत टिपून घेतले होते.

ही चूक हसून सोडून देण्याजोगी नाही. सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली निघालेले सैन्य आणि औरंगाबाद-जालन्याच्या बाजूने आलेली तुकडी यांनी जो मुलूख तुडविला, तो काळ्या मातीचा आणि भर पावसाळ्यातला. अवघ्या पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाची सत्ता नमली. संच रचणाऱ्याने मात्र, बहुधा त्याच काळातील काश्मीरच्या लढाईची दृश्ये हाताशी होती म्हणून, ती येथे बिनदिक्कत जोडून दिली. ज्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यामागे पुढच्या पिढीस साक्ष कोण देणार? ही तबकडीच ना? म्हणूनच तिच्या खरेपणाचा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. स्वस्त म्हणजे वाईट असे मुळीच नव्हे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेथील सरकारी सेवकांनी सरकारी कामासाठी निर्माण केलेल्या कृतींवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे फ्रँक काप्रा यांच्या देखरेखीखाली १९४२ ते १९४५ या काळात तयार झालेली ‘व्हाय वुई फाइट’ ही सात चित्रपटांची माला, जॉन फोर्ड यांचा ‘द बॅटल ऑफ मिडवे’ किंवा विल्यम वायलर यांचा ‘द मेम्फिस बेल’ यांच्या प्रती कोणासही काढता येतात. स्वस्त संचांचा भरणा बहुधा अशाच चित्रपटांचा असतो. म्हणजे माल अस्सल, किंमत अल्प. मग फरक पडतो तो कोठे?

पहिला फरक प्रतीचा. मूळ फितीवरून काळजीपूर्वक उतरविलेली प्रत आणि प्रतीच्या प्रतीवरून काढलेली प्रत यांत ताज्या दुधाचे आणि ताकाचे अंतर असते. एका साध्या डीव्हीडीवर सुमारे दोन तासांचे चित्र चांगले मावते. तेथे पाच-सहा तास कोंबले की धुराचे लोट चौकटी चौकटींचे दिसू लागतात आणि सैनिकांचे चेहरे पुसले जातात. जुने चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी ताणले की शिपाई बुटके आणि लठ्ठ होतात. पहिल्या महायुद्धातील मूकपट संथ गतीने चित्रित झालेले. ते आजच्या गतीने धावविल्यास मरणाच्या वाटेवरील माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे तुरुतुरु चालतात. हे दोष डोळ्यांस त्रास देतात खरे. पण ते दिसतात, म्हणून त्यांच्यापासून सावध राहता येते.

न दिसणारे दोष अधिक घातक. युद्धभूमीवरील बहुतेक चित्रण ध्वनीविना झाले होते. आपण ऐकतो ते स्फोट आणि त्या किंकाळ्या मागाहून बसविलेल्या असतात. शिवाय, नावाजलेल्या चित्रपटांतही रचलेली दृश्ये आहेत. ‘द बॅटल ऑफ द सोम’ या १९१६ च्या चित्रपटातील खंदकातून उसळून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचे विख्यात दृश्य आघाडीच्या मागे प्रशिक्षणाच्या जागी घेतलेले, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द बॅटल ऑफ सान पिएत्रो’ मधील पुष्कळशी लढाई प्रत्यक्ष लढाई संपल्यावर सैनिकांकडून पुन्हा करवून घेतली होती. एवढ्यावरून हे चित्रपट टाकाऊ ठरत नाहीत. ते कसे घडले हे प्रेक्षकास ठाऊक असावे, इतकेच. चांगला संच सोबतच्या पुस्तिकेत हे सांगतो. वाईट संच मूळ चित्रपटाचे नावच कापून टाकतो, त्याचे तुकडे करतो, आणि एकच कोसळणारे विमान तीन निरनिराळ्या लढायांत तीनदा पाडतो.

तिसरा दोष वगळण्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात पोचली होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांस माऱ्यातून पाठीवर वाहून आणणारे नामदेव जाधव, हे दोघेही मराठा पलटणीचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. पैकी जाधव तर बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. असे असूनही आम्ही पाहिलेल्या स्वस्त संचांतील इटलीच्या प्रकरणांत हिंदी शिपाई क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. १९७३-७४ साली इंग्लंडात प्रसारित झालेली ‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’ ही मालिका जुनी चित्रे आणि हयात साक्षीदारांच्या मुलाखती यांच्या काळजीपूर्वक मांडणीसाठी वाखाणली जाते, आणि ती कीर्ती यथार्थ आहे. तिनेही सव्वीस भागांपैकी एक भाग ब्रह्मदेशास दिला. स्वस्त संचवाल्यांस तेवढेही औदार्य सुचत नाही.

तेव्हा ग्राहकाने काय करावे? तबकड्यांची संख्या मोजू नये. वेष्टनावर मूळ चित्रपटांची नावे, दिग्दर्शक आणि साल दिले आहे का, ते प्रथम पाहावे. आरंभीची दहा मिनिटे आवाज बंद करून पाहावी. गोंगाट थांबला की चित्रात खरोखर काय आहे ते कळते. आणि आपल्या परिचयाच्या प्रदेशाचे किंवा प्रसंगाचे प्रकरण असेल, तर सर्वांआधी तेच लावावे. जो आपल्या अंगणाविषयी खोटे बोलतो, त्याच्या स्टालिनग्राडवर विश्वास कोणी ठेवावा?

वडवणीच्या त्या घरी पुढे जे झाले ते नमूद करण्यासारखे आहे. नातवाने वहीतील बर्फाची ओळ खोडली आणि आजीजवळ बसून ती सांगेल तसे लिहून घेतले. स्नेह्यांनी संच फेकून दिला नाही. आतील काश्मीरची दृश्ये, काश्मीरची म्हणून, मोलाचीच आहेत. त्यांनी वेष्टनावर एक चिठ्ठी मात्र चिकटविली: ‘तबकडी तिसरी. यातील बर्फ हैदराबादचा नव्हे.’ प्रकाशकाने करावयाचे संपादन असे एका वाचकास करावे लागले.