'लीलावती'तील एक निसटती बेरीज

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) संश्लिष्ट कुट्टकाचे एक उदाहरण आहे. कोणत्या संख्येला ५ ने गुणून ६३ ने भागल्यास बाकी ७ उरते आणि १० ने गुणून भागल्यास १४? रीत अशी: गुणक मिळवा, बाक्या मिळवा. १५, २१ आणि भाजक ६३ यांना ३ ने भागले की ५, ७, २१. उत्तर १४, ते बरोबरच आहे.

पण ३५ घेऊन पाहा. ३५ × १५ = ५२५, बाकी २१; बेरजेची अट पाळली गेली. मात्र ३५ × ५ = १७५, बाकी ४९! दोन राशींची बेरीज ६३ च्या पटींत, वलयाच्या भाषेत त्या आयडियलमध्ये, असली तरी प्रत्येक राशी तेथे असेलच असे नाही. रीत म्हणून ती अपुरीच. शिवाय दुसरी अट पहिलीची नुसती दुप्पट. उदाहरणाची निवडही फसवी म्हणायची. सोनपेठच्या वर्गात ५६ ही फळ्यावर तपासून घ्यावे.