दाराबाहेरचा कावळा : प्राथमिक वर्गातील चिऊ-काऊच्या गोष्टीचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पडणारी पहिली प्राणिकथा बहुधा चिमणी आणि कावळ्याची असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो भिजत चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. चिमणी दार लगेच उघडत नाही. बाळाची न्हाणी-माखणी, काजळ-तीट, भरवणे, निजवणे अशी एकेक सबब सांगत ती त्याला थांबवून ठेवते. एवढाच या गोष्टीचा ऐवज. आकाराने लहान असलेली ही गोष्ट बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या वर्गांत आजही सांगितली जाते आणि अध्यापक विद्यार्थ्यांच्या सराव पाठांतही तिची निवड वारंवार होते.

प्रस्तुत लेखात या कथेच्या अध्यापनाचा विचार मालाड परिसरातील प्राथमिक वर्ग डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. घरात सांगितली जाणारी ही गोष्ट वर्गात येताना तिचे स्वरूप बदलते. वर्गात तिला जोडले जाणारे तात्पर्य कथेतून निघत नाही, ते तिच्यावर बाहेरून लादलेले असते. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ते तात्पर्य अन्यायकारक ठरते. लेखातील मुख्य प्रतिपादन हे आहे.

कथेची परंपरा

ही कथा किती जुनी आहे याचा लिखित पुरावा मराठीत उपलब्ध आहे. म्हाइंभट यांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या तोंडी कावळा आणि साळई यांची गोष्ट येते व तेथेही शेणाचे आणि मेणाचे घर आहेच. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभकाळापासून ही कथा भाषेच्या अंगणात वावरत आहे. ती टिकली ती मुख्यतः मौखिक परंपरेमुळे. साहजिकच तिचा शेवट घरोघरी वेगळा आढळतो. कोठे दार उघडते आणि कावळा चुलीपाशी ऊब घेतो, कोठे तो आत येऊन खोडी करतो व शिक्षा भोगतो, तर कोठे सांगणारी आजी मूल झोपले की गोष्ट दारातच सोडून देते.

याउलट छापील बालसाहित्याची परंपरा आरंभापासून नीतिबोधाशी बांधलेली राहिली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागोमाग आलेल्या शालेय पुस्तकांनी प्रत्येक प्राणिकथेच्या अखेरीस तात्पर्य असावे ही अपेक्षा रूढ केली. पंचतंत्राची चौकटही राजपुत्रांना नीती शिकविण्याचीच आहे. चिऊ-काऊची गोष्ट या दोन्ही कुळांतील नव्हे. ती शिकविण्यासाठी जन्मलेली नाही. मुलाला भरवताना, थोपटताना वेळ भरून काढण्यासाठी ती सांगितली गेली. शाळेने मात्र तिला इसापाच्या पंक्तीत बसविले.

रचनेचा विचार

कथेचा गाभा घर वाहून जाण्याच्या प्रसंगात नसून दारावरील थांबण्यात आहे. तेच मागणे आणि दर वेळी नवे उत्तर या आवर्तनामुळे पाच-सहा वर्षांचे मूल पुढचे वाक्य आधीच ओळखते आणि सांगणाऱ्याच्या बरोबरीने म्हणू लागते. क्रम, अंदाज, क्रियापदांची रूपे, नित्याच्या कामांची नावे हे सारे भाषाशिक्षण येथे आपसूक घडते. शेण आणि मेण या शब्दांची निवडही प्रथम यमकासाठी झाली आहे, हे विसरता कामा नये. मेणाचे घर पावसात टिकेल, पण वैशाखात त्याचे काय होईल, हा प्रश्न कथा विचारीत नाही. बांधकामातील शहाणपणाची ही गोष्ट असती, तर तिने तो विचारला असता.

दुसरी बाब ऐकणाऱ्या मुलाच्या स्थानाची. घरी ही गोष्ट आईच्या किंवा आजीच्या मांडीवर ऐकली जाते. त्या वेळी मूल स्वतः चिमणीचे बाळ असते. न्हाणे, पावडर-तीट, भरवणे हे सारे काही वेळापूर्वी त्याच्याच बाबतीत घडलेले असते. दार बंद आहे याचा अर्थ त्याच्यापुरता एवढाच की आई सध्या फक्त त्याची आहे. बाहेरचा पाऊस आणि भिजणारा कावळा ही त्या उबेची किनार होय. कथेतील निष्ठुरता मुलाला जाणवत नाही, कारण ते आतल्या बाजूस आहे.

वर्गात ती मांडी नसते. चाळीस मुले एकाच वेळी ऐकत असतात आणि त्यांतील प्रत्येक मूल दाराच्या आतल्याच बाजूस असेल असे गृहीत धरता येत नाही. घरातून शाळेत येताना कथेत होणारा मूलभूत बदल हाच. पाठ टाचण तयार करताना मात्र त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

लादलेले तात्पर्य

सराव पाठांचे निरीक्षण करताना नेहमी आढळणारी रीत अशी : हर्बार्टच्या पंचपदीला अनुसरून पूर्वज्ञानावर प्रश्न, हेतुकथन, चित्रांच्या साहाय्याने कथन आणि अखेरीस मूल्यमापनाचे प्रश्न. त्यांत "कोणाचे घर चांगले होते?" हा प्रश्न हमखास असतो. वर्ग एका सुरात "चिमणीचे" असे उत्तर देतो. मग फळ्यावर तात्पर्य लिहिले जाते : आळस करू नये, घर मजबूत बांधावे.

हे तात्पर्य या कथेचे नाही. कावळा आळशी होता असे परंपरागत कथनात कोठेही सांगितलेले नसते. हा बोध तीन डुकरांच्या इंग्रजी गोष्टीतून आला असावा असे मानण्यास जागा आहे. जोसेफ जेकब्ज यांच्या १८९० च्या संग्रहामुळे आणि १९३३ च्या डिस्ने चित्रपटामुळे ती कथा जगभर पोहोचली आणि आज ती इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत सर्रास शिकविली जाते. वरवर पाहता दोन्ही कथा सारख्या भासतात. कच्चे घर, पक्के घर आणि बंद दार दोन्हींत आहे. पण तेथे दाराबाहेर लांडगा आहे. त्याला आत घेणे म्हणजे मरण. म्हणून दार बंद ठेवणे हेच शहाणपण ठरते. आपल्या कथेत दाराबाहेर शेजारी आहे. त्याने काही मोडलेले नाही, त्याचेच मोडले आहे. दार तेच असले तरी त्याचा नैतिक अर्थ नेमका उलट होतो. लांडग्याच्या कथेचा बोध शेजाऱ्याच्या कथेला चिकटविला की मुलाच्या मनात भिजलेला शेजारी हाच लांडगा होऊन बसतो.

यात वर्णाचा आणि स्वच्छतेचा पदरही मिसळतो. काळा, शेणाच्या घरातला, गबाळा कावळा आणि नीटनेटकी चिमणी अशी चित्रे वर्गात लावली जातात. सावळ्या मुलाला चिडविण्यासाठी 'काऊ' हा शब्द मग आयताच हाताशी येतो. वस्तुतः मराठी संस्कृतीत शेण हीन नाही. सारवण आणि सडा यांवाचून जुने घर शुद्ध मानले जात नसे. कावळाही निव्वळ खलपुरुष नाही. त्याच्या ओरडण्याने पाहुण्याची वर्दी मिळते आणि दहाव्याच्या पिंडाला त्याच्या शिवण्याची वाट सारे कुटुंब पाहते. निसर्गात तर हाच पक्षी कोकिळेची अंडी उबवून तिची पिले वाढवितो. दुसऱ्याच्या बाळाला घर देणाऱ्या पक्ष्याला आपण कथेत दाराबाहेर उभे केले आहे, हे विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगण्यासारखे आहे.

मालाडच्या वर्गातून पाहताना

मालाडमध्ये ही चर्चा केवळ वाङ्मयीन राहत नाही. पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची कुरार व डोंगरउतारावरील वस्ती, पश्चिमेस मालवणीपासून मढ-मार्वेपर्यंतचा खाडीलगतचा भाग आणि मध्ये स्थानकाभोवतालच्या गृहनिर्माण संस्था अशी येथील रचना आहे. महाराष्ट्रातील शाळा जूनमध्ये, म्हणजे पावसाच्या तोंडावर सुरू होतात. पावसाची गोष्ट म्हणून चिऊ-काऊची कथा त्याच सुमारास वर्गात येते.

२ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी, मुसळधार पावसात, कुरारमधील पिंपरीपाडा येथे मालाड जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली. लगतच्या झोपड्या वाहून गेल्या आणि तीसपेक्षा अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ९ जून २०२१ च्या रात्री मालवणीत घर कोसळून झालेल्या दुर्घटनेतील मृतांमध्ये मुलांची संख्या मोठी होती. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व उपनगरांतील असंख्य संसार पाण्यात गेले. अशा परिसरातील पहिलीच्या वर्गात "कावळ्याचे घर का वाहून गेले?" या प्रश्नाला "कारण त्याने ते कच्चे बांधले" हे उत्तर बरोबर म्हणून खूण मिळविते, तेव्हा आपण नेमके काय शिकवितो? पिंपरीपाड्यात कोसळलेली भिंत त्या रहिवाशांनी बांधलेली नव्हती. घर पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे असणे हे कोणाच्या आळसाचे फळ नसते. जागेची किंमत, मजुरीचा दर आणि शहराची धोरणे ते ठरवितात. सहा वर्षांच्या मुलाला हे शब्दांत मांडता येत नाही. पण आपल्या घराला वर्गाने 'वाईट घर' म्हटले, हे त्याला कळते.

आणखी एक विसंगती नोंदवावीशी वाटते. या उपनगरातील मुलाला कावळा रोज दिसतो, चिमणी मात्र क्वचित. म्हणजे ज्याच्याशी त्याची खरी ओळख आहे तोच पक्षी गोष्टीत परका ठरतो. मेण त्याला मेणबत्तीमुळे आणि मेणखडूमुळे ठाऊक असते. शेण ठाऊक असलेच तर ते जवळच्या तबेल्यामुळे.

अध्यापनाची दिशा

यावर उपाय म्हणून कथा वगळणे, किंवा तिच्यातील पाऊस व बंद दार काढून ती निरुपद्रवी करणे, हा मार्ग योग्य नव्हे. आठ शतके टिकलेल्या कथेवर तो अन्याय होईल आणि मुलेही भाषेच्या एका मोठ्या आनंदाला मुकतील. गिजुभाई बधेका यांनी गोष्ट ही आनंदासाठी सांगावी, उपदेशाचे साधन म्हणून राबवू नये, असा आग्रह धरला होता. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधील शिक्षक वर्गाला जिंकतो तो गोष्टी सांगूनच. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ च्या नूतन बालशिक्षण संघापासून १९४५ नंतरच्या बोर्डी व पुढे कोसबाडच्या कार्यापर्यंत बालशिक्षण मुलाच्या प्रत्यक्ष परिसराशी जोडले. मालाडच्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या त्या परिसरातील हा वारसा आपल्या अध्यापक विद्यालयांत परीक्षेपुरता वाचला जातो, पाठ टाचणात तो उतरत नाही.

या दृष्टीने काही गोष्टी सहज करता येतील. तात्पर्य फळ्यावर लिहू नये. "कोणाचे घर चांगले?" याऐवजी "दार वाजले तेव्हा तू आत असतास तर काय म्हणाला असतास? बाहेर असतास तर?" असे प्रश्न विचारावेत. नाट्यीकरणात प्रत्येक मुलाला दोन्ही भूमिका मिळाव्यात. केवळ हुशार मुलगी चिमणी आणि मागच्या बाकावरचा मुलगा कावळा, अशी वाटणी होऊ नये. घरोघरीचे वेगवेगळे शेवट मुलांकडून ऐकावेत, अन्य मातृभाषांच्या मुलांना आपापल्या भाषेतील पक्ष्यांच्या गोष्टी सांगू द्याव्यात. मात्र घर गमावलेल्या मुलाला आपला अनुभव सांगण्याची सक्ती कधीही करू नये. गोष्टीतला कावळा हा त्याचा आडोसा आहे. तो आडोसा त्याच्याकडून काढून घेऊ नये.

एक आक्षेप येथे संभवतो. लहान मुले एवढा विचार करीत नाहीत, त्यांना गंमत हवी असते. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो वरील प्रतिपादनाला पूरकच आहे. गंमत हवी असेल तर गंमतच द्यावी. वर्गात सामाजिक विषमतेवर व्याख्यान देण्याची सूचना येथे केलेली नाही. प्रस्तुत चिकित्सा शिक्षकासाठी आहे, मुलासाठी नव्हे. मुलाला फक्त गोष्ट मिळावी, निकाल नव्हे.

समारोप

मंगेश पाडगावकरांनी आपल्या एका कवितेत याच कथेतील दार उघडण्याच्या मागणीला वेगळा अर्थ देऊन, मन मिटून बसलेल्या माणसाला साद घातली आहे. बालकथा प्रौढपणीही आपल्याशी बोलत राहते याचा तो उत्तम दाखला होय. प्राथमिक शिक्षकाला त्याहून साधी गोष्ट करावयाची आहे. आतील बाळाइतकेच बाहेरचे पाखरूही आपल्याच वर्गात बसले आहे, एवढे भान ठेवून त्याने कथा सांगावी. शेवटी दार उघडते की नाही हे सांगणाऱ्यावर सोपविण्याची मुभा मौखिक परंपरेने दिलेली आहे. पावसाळ्यात मालाडच्या वर्गात गोष्ट सांगणाऱ्याने ती मुभा वापरावी आणि दार उघडावे.