प्रश्नकर्त्याचे स्थान : लीळाचरित्र आणि पदव्युत्तर वर्गातील सक्रिय अध्ययन

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात नागपूरचा वाटा मोठा आहे. १९२३ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर दीड दशकाच्या आत हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्राचे भाग नागपुरातून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. डॉ. वि. भि. कोलते यांचा ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ १९४५ चा, तर त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ चे. हे सारे संशोधन प्रश्नांतून उभे राहिले : हा पाठ कोणाचा, ही आठवण कोणाची, हा शब्द मूळचा की लेखनिकाचा? त्याच ग्रंथाचे पदव्युत्तर वर्गातील अध्यापन मात्र बहुधा निराळ्या वाटेने जाते. प्राध्यापक लीळाचरित्राच्या गद्याची वैशिष्ट्ये सांगतात : छोटी वाक्ये, संवादमयता, घरगुती शब्दकळा, तत्कालीन समाजजीवनाचे दर्शन. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत त्याच क्रमाने परत करतात. ज्या ग्रंथाचा जन्म विचारण्यातून आणि विचारून घेण्यातून झाला, तो ग्रंथ कोणी काही विचारीत नाही अशा वर्गात शिकविला जावा, ही विसंगती आहे.

या विसंगतीवर सक्रिय अध्ययन हा उपाय सध्या सुचविला जातो. चार्ल्स बॉनवेल आणि जेम्स आयसन यांनी १९९१ मध्ये या कल्पनेची मांडणी केली. विद्यार्थ्याने काही करावे आणि आपण काय करीत आहोत याचा विचारही करावा, हे तिचे सार. आधी एकट्याने विचार करणे, मग शेजाऱ्याशी बोलणे व शेवटी वर्गासमोर मांडणे, ही फ्रँक लायमन यांची पद्धती त्याहून दहा वर्षे जुनी. हार्वर्डचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी विद्यार्थ्यांनीच परस्परांना समजावून देण्याची रीत रूढ केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही परिभाषा आपल्या विद्यापीठांच्या परिपत्रकांतही स्थिरावली.

हा उपाय पोकळ नाही. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात अनुत्तीर्ण होण्याची शक्यता सक्रिय वर्गापेक्षा सुमारे दीडपट आढळली. मात्र हे सर्व अभ्यास विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतले होते. वाङ्मयाच्या वर्गाला हा आकडा जशाचा तसा लावणे म्हणजे तराजूने कापड मोजणे होय. हार्वर्डमध्येच झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, परंतु त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटत होते. ओघवत्या व्याख्यानाने समजल्याचा भास होतो. उत्तर स्वतः शोधताना अडखळावे लागते आणि त्या अडखळण्यालाच विद्यार्थी अज्ञान समजतो. टिपणे उतरवून मागणारा विद्यार्थी आळशी असतो, हा समज यामुळे तपासून घ्यावा लागतो.

या पद्धतींच्या वर्णनांत एक उणीव जाणवते. विद्यार्थ्याने बोलावे कसे, याची त्यांत पुष्कळ चर्चा आढळते. तो बोलल्यावर त्या बोलण्याचे काय होते, याची फार थोडी. पाच गटांनी पाच मते सांगितली, प्राध्यापकांनी मान डोलावली आणि मग फळ्यावर नेहमीची सहा वैशिष्ट्ये लिहिली गेली, तर त्या तासाला सक्रिय म्हणण्यात अर्थ काय? विद्यार्थ्याचे उत्तर ज्ञानाच्या नोंदीत कोठे बसते, हा खरा प्रश्न आहे. महानुभावांचे गद्य येथे उपयोगी पडते.

लीळाचरित्राचा कर्ता म्हाइंभट. विद्वत्तेचा ताठा घेऊन तो चक्रधरांशी वाद करण्यास आला आणि निरुत्तर झाला, हे त्याच्याच ग्रंथातून कळते. चक्रधरांच्या पश्चात रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात, त्याने लीळा संकलित केल्या. नागदेवाचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेई, इतकेच झाले असते तर आजच्या वर्गाचेच ते प्राचीन रूप ठरले असते. म्हाइंभट तेथे थांबला नाही. प्रसंग ज्यांनी पाहिला, ज्यांनी ऐकला, त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारले व पडताळून घेतले. आचार्यांचे सांगणे प्रमाण मानूनही ते तपासण्यात त्याला अनादर वाटला नाही. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे परंपरा सांगते. या सर्व प्रवासात एकाच लीळेविषयीच्या भिन्न आठवणी पुसल्या गेल्या नाहीत. त्या त्या नावाने शेजारी शेजारी राहिल्या. मतभेद गाळून गुळगुळीत चरित्र करण्याचा मोह या मंडळींनी टाळला.

आजच्या वर्गाने घ्यावी ती हीच गोष्ट. एकच लीळा घ्यावी. एका गटाकडे नेने यांची आवृत्ती, दुसऱ्याकडे शं. गो. तुळपुळे यांची, तिसऱ्याकडे कोलते यांची द्यावी. कोठे शब्द बदलतो, कोठे एखादे वाक्य अधिक येते, कोणाचे नाव येते किंवा गळते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे आणि कोणता पाठ का स्वीकारावा याचे कारण लिहावे. याला यंत्रसामग्री लागत नाही. ग्रंथालयाने तीन आवृत्त्या वर्गात नेऊ दिल्या म्हणजे झाले. (तेही नेहमी सोपे नसते.) अशा तासात प्राध्यापकाला उत्तर आधीच ठाऊक असते असे नाही, आणि या प्रयोगाचे मोल तेथेच आहे.

दृष्टांतपाठाची रचना तर याहूनही सूचक आहे. केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाला तीन अंगे आहेत : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. पहिली दोन चक्रधरांची मानली जातात. दृष्टांत मूळ सिद्धान्ताला लावून दाखविणारे दार्ष्टांतिक हे केसोबासांचे. म्हणजे ग्रंथाचा एक तृतीय भाग शिष्याने सोडविलेल्या अभ्यासाचा आहे! गुरूचे उदाहरण घेऊन त्याचा अन्वय स्वतः लावणे, हे शिष्याचे काम होते आणि ते ग्रंथात गुरूच्या शब्दांशेजारी बसले. समीक्षकांनी दृष्टांतांच्या कथात्मक सौंदर्याकडे जितके लक्ष दिले, तितके दार्ष्टांतिकाकडे दिलेले नाही. ते शुष्क म्हणून ओलांडले जाते. अध्यापनाच्या दृष्टीने पाहता तोच भाग सर्वांत जिवंत आहे. सूत्र आणि दृष्टांत वाचून दाखवावेत, दार्ष्टांतिक झाकून ठेवावे आणि विद्यार्थ्यांना ते लिहिण्यास सांगावे. मग केसोबासांचे उघडावे. कोणाचे त्याच्याशी जुळेल, कोणाचे जुळणार नाही. क्वचित एखाद्याने लावलेला अन्वय केसोबासांपेक्षा अधिक मोकळा निघेल आणि तो सांप्रदायिक तत्त्वज्ञानात का बसत नाही, यावर चर्चा करावी लागेल. द्वैती तत्त्वज्ञानावरील तासभराच्या व्याख्यानाने जे साधत नाही, ते या अर्ध्या तासात साधण्याचा संभव आहे.

प्रश्न विचारणारा कोण आणि कोणत्या भाषेत, हाही मुद्दा याच वाङ्मयात येतो. धवळ्यांची कर्ती महदाइसा ही सतत काहीतरी विचारणारी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिच्या या जिज्ञासू वृत्तीचा चक्रधरांनी गौरवच केला आहे. पंडित शिष्य संस्कृत वळणाने विचारू लागले, तेव्हा आपल्याला चक्रधरांनी मराठीतच निरूपण केले असून मराठीतच विचारावे, असे नागदेवाचार्यांनी सुनावले. केसोबासांची संस्कृत रचनाही त्यांनी थांबविली. तिच्यामुळे आपल्या साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. आज या प्रसंगातील संस्कृताची जागा प्रमाणमराठीने आणि समीक्षेच्या जड परिभाषेने घेतली आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या कित्येकांच्या घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलली जाते. बोलताना आपली बोली डोकावेल या भीतीने ते गप्प राहतात. त्यांच्या मौनाला अनास्था म्हणणे अन्यायाचे आहे. शेजाऱ्याशी बोलण्याची लायमन यांची पद्धती येथे खरोखर उपकारक ठरते, कारण शेजाऱ्याशी माणूस आपल्या बोलीत बोलतो. पण वर्गासमोर मांडण्याची वेळ आली की तोच विद्यार्थी अडतो. तेथे बोलीतील मांडणीला मज्जाव नाही हे प्राध्यापकाने आपल्या वागण्यातून दाखविले नाही, तर तिन्ही पायऱ्या कागदावरच राहतात.

तथापि ही तुलना एका मर्यादेपुढे ताणता येत नाही. चक्रधरांच्या परिवारात प्रश्नाला मुभा होती. अंतिम वचनाला आव्हान नव्हते. सूत्र हे सूत्रच राहिले, शिष्याने त्याचा अन्वय लावायचा, त्याची सत्यासत्यता ठरवायची नाही. प्रयोजनही मोक्षाचे होते. विद्यापीठात सूत्रही तपासावे लागते, म्हणून रिद्धपूरची मंडळी ही आधुनिक चर्चासत्राची पूर्वपीठिका होती असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. उलट बाजूने, चर्चेत प्रत्येक मत सारखेच खरे असे मानणाऱ्या आजच्या सौजन्यालाही या वाङ्मयाचा आधार नाही. जन्मांध आणि हत्ती यांच्या प्रसिद्ध दृष्टांताचा वापर अलीकडे सर्व मतांच्या समानतेसाठी होतो. दृष्टांतपाठात त्याचा रोख वेगळा आहे : अंशाचे ज्ञान पूर्णाचे ज्ञान नव्हे. हत्तीला खांब म्हणणाऱ्याचा हात त्याच्या पायावरच आहे, हे त्याला कळावे लागते. ते दाखविण्याची जबाबदारी गटचर्चा घडवून आणणाऱ्या प्राध्यापकाला टाळता येणार नाही.

उरते परीक्षा. वर्गात तीन आवृत्त्यांची तुलना झाली, दार्ष्टांतिके लिहिली गेली, भंडाऱ्याचा विद्यार्थी आपल्या बोलीत बोलला, आणि सत्राअखेरीस प्रश्नपत्रिकेत ‘लीळाचरित्राची गद्यवैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ हाच प्रश्न आला, तर पुढच्या वर्षीचे विद्यार्थी पहिल्याच तासाला टिपणे मागतील. त्यांचे गणित चुकीचेही नसेल. त्या जागी न शिकविलेला एखादा दृष्टांत सूत्रासह छापून त्याचे दार्ष्टांतिक लिहिण्यास सांगता येईल. अशा उत्तराचे गुणदान कष्टाचे असते. शंभर उत्तरपत्रिकांत शंभर अन्वय येतील, आणि परीक्षकाला प्रत्येक वाचावा लागेल.