खुर्चीचा मान आणि बाथटबमधली सही

दरवर्षी २५ जून आला की अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र मोबाइलवर फिरायला लागतं. बाथटबमध्ये एक उघडा माणूस बसलाय. सही केलेला कागद तो दारापलीकडे देतोय आणि सांगतोय, की अजून वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. हा माणूस म्हणजे भारताचे तेव्हाचे राष्ट्रपती, फक्रुद्दीन अली अहमद.

चित्र पाहून बहुतेक लोक हसतात. पण एखादा तरी म्हणतोच, ‘माणूस कसाही असो, खुर्चीचा मान ठेवायला हवा होता. देशाच्या राष्ट्रपतीला असं आंघोळ करताना दाखवायचं?’ या आक्षेपाला जुन्या पिढीची कुरकुर म्हणून उडवून लावू नये, असं मला वाटतं. देशातलं सर्वोच्च पद तिथे बसलेल्या माणसापेक्षा मोठं असतं, हे म्हणणं बरोबरच आहे. प्रश्न एवढाच, की हे चित्र त्या पदाचा मान घालवतं की राखतं?

आधी तारीख नीट पाहू. हे चित्र आणीबाणी जाहीर झाली त्या रात्रीचं आहे असं समजून फॉरवर्ड केलं जातं. ते तसं नाही. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ते छापून आलं १० डिसेंबर १९७५ ला, म्हणजे आणीबाणीला साडेपाच महिने झाल्यावर. त्याच्या दोनच दिवस आधी, ८ डिसेंबरला, वृत्तपत्रांवर थेट परिणाम करणारे वटहुकूम निघाले होते. त्यातला एक ‘आक्षेपार्ह मजकुरा’च्या छपाईला प्रतिबंध करणारा होता. आक्षेपार्ह कशाला म्हणायचं याच्या यादीत राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यपाल यांची बदनामीही होती. म्हणजे मोठ्या पदांचा मान राखायची सक्ती करणारा कायदा आला, तोही संसदेत चर्चा न होता, एका सहीने. आणि दोन दिवसांनी ती सही करणारा माणूस टबात बसलेला दिसला.

हे चित्र काढणारा माणूसही कुणी उपरा नव्हता. अबू तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, तेही राष्ट्रपतिनियुक्त. संसदेला बाजूला ठेवून कायदे निघत होते, तेव्हा त्यावर चित्र काढणारा संसदेतच बसत होता.

आता चित्राकडे येऊ. राष्ट्रपती म्हटलं की आपल्याला काय आठवतं? राष्ट्रपती भवन, घोडदळ, २६ जानेवारीचा मंच, बंद गळ्याचा कोट. अबूंनी यातलं सगळं काढून टाकलं. उरलं काय, तर पाणी, माणूस आणि सही. आणि गंमत अशी, की पदाचं खरं काम त्या सहीतच आहे. बाकी थाटमाट नसला तरी राष्ट्रपती राष्ट्रपतीच राहतो. सहीमागे विचार नसेल, तर मात्र कितीही घोडे उभे केले तरी उपयोग नाही. आमच्या कामात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून अप्रूव्ह केल्याशिवाय पुढे जात नाही. न वाचता अप्रूव्ह करणारा असेल तर ती पायरी असून नसल्यासारखीच. फरक इतकाच, की आमच्याकडे चूक झाली तर सर्व्हर पडतो. इथे माणसं तुरुंगात जातात.

या चित्रातला मला सर्वांत आवडणारा शब्द ‘थांबा’ हा आहे. राष्ट्रपतीकडे फार अधिकार नसतात, हे खरंच आहे. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच त्याला चालावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात तेच सांगितलं होतं. पण त्याच्या हातात जी थोडी ताकद आहे, ती नेमकी हीच : थांबा म्हणण्याची. हे आत्ताच का हवंय, पुन्हा विचार केलात का, असं विचारण्याची. अबूंचा राष्ट्रपती नेमका तोच शब्द उच्चारतो, पण आंघोळ व्हायची आहे म्हणून. बरोबर शब्द, चुकीचं कारण. विनोद तिथे आहे, उघड्या अंगात नाही.

त्या जूनच्या रात्री असा ‘थांबा’ म्हणायला जागा होती. राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली २५ तारखेच्या रात्री आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, असं तिने ठरवलं. आलेला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोयही घटनेत लिहून ठेवली. अबूंनी टबात दाखवलेला तो शब्द अखेर घटनेत आला.

चित्रात उणीव नाही असं नाही. कागद कुणाचा, हे त्यात दिसत नाही. दारापलीकडे जी सत्ता आहे तिच्यावर हसू येत नाही, येतं ते सगळ्यात कमी ताकदीच्या माणसावर. सेन्सॉरच्या काळात यापेक्षा पुढे जाणं कठीण होतं, हे मान्य. पण त्यामुळे आज हे चित्र पाहणारा सगळा दोष एका सहीवर टाकून मोकळा होऊ शकतो, तेही खरं.

उघड्या अंगाचं काय? तो अपमान नाही का? इथे २०२२ ची एक घटना आठवावी. काँग्रेसचे लोकसभेतले नेते अधीर रंजन चौधरी यांनी द्रौपदी मुर्मू यांचा ‘राष्ट्रपत्नी’ असा उल्लेख केला. संसदेत गोंधळ झाला. जीभ घसरली, असं सांगत त्यांनी लेखी माफी मागितली. त्या शब्दात राष्ट्रपती काय करतात याबद्दल काहीच नव्हतं. खुर्चीवर स्त्री आहे, एवढंच होतं. अबूंच्या चित्रात उलट आहे. त्यात फक्रुद्दीन अली अहमद यांचा धर्म नाही, गाव नाही, रूपाची टवाळी नाही. माझ्या वयाच्या बहुतेकांना त्यांचा चेहराही ओळखू येणार नाही, तरी चित्र कळतं. माणूस विसरला गेला आणि चित्र टिकलं, कारण ते त्या माणसाचं नव्हतंच, खुर्चीचं होतं.

‘माणूस कुणीही असो’ हे तत्त्व दोन्ही बाजूंनी तपासायला हवं, आणि इथे आमच्या पिढीची अडचण होते. आमच्यासाठी राष्ट्रपती म्हणजे कलाम. इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यांचा फोटो आणि स्वप्नांबद्दलचं एखादं वाक्य हमखास सापडतं. मलाही ते प्रिय आहेत. पण मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत असताना दिल्लीत रात्री मंत्रिमंडळ बसलं, बिहार विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस फॅक्सने त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी सही केली. नव्या विधानसभेची एक बैठकही झाली नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर आपण राजीनाम्याचा विचार केला होता, असं कलामांनी नंतर ‘टर्निंग पॉइंट्स’ या पुस्तकात लिहिलं.

मॉस्कोचा तो फॅक्स आणि दिल्लीतला तो टब यांत फार अंतर नाही. पण कलामांवर असं चित्र आलं असतं, तर आमच्यातल्या किती जणांनी ते हसून शेअर केलं असतं? खुर्चीचा मान ठेवा, असं आपण खरंच म्हणत असू, तर नावडत्या माणसाच्या सहीला जो प्रश्न विचारतो तोच आवडत्या माणसाच्या सहीलाही विचारायला हवा. नाहीतर तो मान खुर्चीचा नसतो. ज्याचा फोटो भिंतीवर आहे, त्याचा असतो. त्याच कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांबद्दलचं विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवलं, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

आपला कायदा याबाबत आपल्यापेक्षा स्पष्ट आहे. राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांच्या अवमानासाठी १९७१ चा कायदा आहे, पण त्यात राष्ट्रपती नाहीत. भारतीय दंड संहितेचं कलम १२४, आता न्याय संहितेतलं १५१, राष्ट्रपतींवर हल्ला करून त्यांचे अधिकार वापरायला भाग पाडणाऱ्याला किंवा ते वापरू न देणाऱ्याला शिक्षा सांगतं. म्हणजे तिथे जपलंय ते त्यांचं मोकळेपणाने काम करणं. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींच्या काळात राष्ट्रपती भवनाने देशांतर्गत कार्यक्रमांतून ‘महामहिम’ हे संबोधनही वगळलं. पद काही लहान झालं नाही.

ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांच्याकडे आली. त्यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली आणि गुजराल सरकारने ती सोडून दिली. अबूंच्या चित्रातला तोच शब्द, या वेळी बरोबर कारणासाठी. पुढच्या २५ जूनला ते चित्र आलं की हसा जरूर. फक्त त्यासोबत ही १९९७ ची गोष्टही पुढे पाठवा.